गुरुवार नावाची गाय

बसा साहेब. खाटेवरच बसा, त्या खुर्चीचा एक पाय हलते. लाइट आत्ताच गेली, म्हणजे तासभर काही येत नाई. हा कंदील राहू द्या मधात. रक्षा चहा ठेवून राह्यली. दूध कबरीचं आहे, बिनधास्त प्या. कबरी खरी गाय आहे.

हसू नका. पुढं समजते.

तुम्ही तालुक्याच्या ऑफिसातून आले. वरचं रान पाहाले आले. तुमच्या आधीच्या श्रीधर साहेबाचं काम अर्धवट राह्यलं, ते पुरं कराले आले. बरोबर? तं मंग वर जायच्या आधी थोडं ऐकून घ्या. पुनाजीआबा ढोरं घेऊन खाली येतीलच, तोवर मी सांगतो. रक्षा म्हणाली, "शौनक, यायले जे झालं ते खरंखरं सांगून टाक." आता खरं सांगायचं काम माह्याकडं दिलं, हेच गावाले पटत नाई. मागच्या उन्हाळ्यात मी स्टँडवर एक कागद लावलता, की आजपासून आर्वीची गाडी रिव्हर्समधी येईल, प्रवाशांनी उलट्या बाजूनं उभं राहावं. बरेच जण राह्यले उभे. त्यात सरपंच प्रभाकरराव होते. तवापासून मी पाऊस पडून राह्यला म्हटलं तरी लोकं हात बाहेर काढून पाह्यतात.

पण हे मी रचलेलं नाई. रचलं असतं तं जरा नीट रचलं असतं.

काम साधं होतं. दिवस बुडतानाचा एक फोटो काढायचा होता.

तुम्ही येताना पाह्यलीच असेल ती टेकडी, गावाच्या मागं. वरून सपाट आहे, ताट पालथं घातल्यावानी. आम्ही तिले माथा म्हणतो. गावाची चराईची जमीन, कोणा एकाची नाई. तिथं एका कंपनीले सोलरच्या प्लेटा लावायच्या आहेत. जाम गावच्या चौकात प्लेटांचे ट्रक येऊन उभे होते म्हणे. तुमच्या ऑफिसातून नोटीस आली, की या जागेवर गुरं चरत नाईत, जागा रिकामी आहे, कोणाची हरकत असली तं पुराव्यासहित सांगा.

हरकत एकट्या रक्षाची होती. बाकी गावाले काय, ढोरं विकून सगळे मोकळे झालते. पुनाजीआबा तिचे आजोबा. सगळी जिंदगी गावाची ढोरं चारली त्या माणसानं. सकाळी वर, सांजी खाली. मागच्या साली मोतीबिंदूसाठी सेवाग्रामले भरती केलतं, तं दुसऱ्या दिवशी खाटेवर नाईत. शोधले, तं दवाखान्याच्या गच्चीवर उभे. म्हणे खाली श्वास पुरत नाई. अशा माणसाचा माथा गेला तं तो अंगणात बसून किती दिवस काढन? रक्षाले दुसरं काही नको होतं. तिले फक्त आबाजी जगाले पाहिजे होते.

म्हणून ती माह्याकडं आली. मी आर्वीले लग्नाचे फोटो काढतो.

"ढोरं किती आहेत वर?" मी विचारलं.

"चार."

"चार ढोरांचा फोटो पाठवला तं साहेब म्हणन, यायले परसात बांधा."

ती काही बोलली नाई. ती बोलली नाई की मले अस्वस्थ होते, अन् अस्वस्थ झालो की मले आयडिया येतात.

साहेब, दिवस बुडताना सूर्यासमोर गाय उभी केली की ती काळी दिसते. नुसता आकार. कबरी कोणती, तांबडी कोणती, काही समजत नाई. तं त्याच चार गाई टेंबाडाच्या मागून पुन्हा पुन्हा सूर्यासमोरून नेल्या अन् सारे फोटो जोडले, तं कळप होते. पंगतीत बसेल तेच लोकं शर्ट बदलून मी तिसऱ्यांदा दाखवले आहेत. नवरदेवाचा बाप खूश झालता.

"खोटं वाटते मले," रक्षा म्हणाली.

"खोटं काय त्यात? गाय तुमची, रान गावाचं, सूर्य सरकारी."

ती हसली नाई. पण आली.

आम्ही तिघं वर गेलो. मी, रक्षा अन् आबाजी. थंडीचे दिवस. गवत वाळून पिवळं झालतं, कुसळं प्यांटीले टोचत होती. वर वारा होता अन् मधातच एक टेंबाड, म्हणजे उंचवटा, घराएवढा. त्याच्यामागं ढोरं उभी केली तं इकडून दिसत नाईत. मी कॅमेरा तिकाटण्यावर लावला. सूर्य हातभर वर होता. उजेड असा पडलता साहेब, की लग्नात असा उजेड मिळाला असता तं मी फुकट काम केलं असतं.

"आबाजी, आता कबरीले तिकडून इकडं चालवा," मी म्हटलं.

आबाजीनं तोंड वाकडं केलं. आबाजी ढोरांसंग गोंडीत बोलते, आपल्यासंग मराठीत. अन् त्यायचा एक नेम आहे. दिवस कलला की माथ्यावर ढोराचं नाव एकदाच घ्यायचं. ज्याचं नाव घेतलं, ते घरी न्यायचंच. उताराच्या तोंडाशी उभं राहून एकेकाले नावानं बोलवतात, ते बाजूनं खाली उतरलं की दुसऱ्याले. शेवटचं उतरलं की वाटेवर काठी आडवी ठेवतात, अन् मागं न पाहता खाली येतात. काठी तिथंच राह्यते. सकाळी उचलायची. त्यायच्या आज्यापासून हे असंच.

"काऊन आडवी ठेवता?" मी लहानपणी विचारलतं.

"दार लावते मी," आबाजी म्हणालते.

तं आबाजीनं चौघांची नावं घेतली. कबरी, तांबडी, मुंगी अन् बैल सोन्या. चारही झकास चालत सूर्यासमोरून गेली अन् फिरून टेंबाडामागं जाऊन थांबली. मी फोटो घेतले.

"आता पुन्हा."

"नाव एकडाव घेतलं," आबाजी म्हणाले. "पुन्हा घेत नाई मी."

"अहो, फोटोसाठी..."

"नाई."

आता साहेब, इथं गडबड झाली. माह्याच डोक्यानं झाली, दुसऱ्या कोणाच्या नाई. मले वाटलं, नेम काय आहे? एक नाव एकदाच. मंग दुसरी नावं घेऊ. नाव नवं, गाय तीच. नेमही मोडत नाई अन् फोटोही होते. अन् आबाजीचा आवाज मले हुबेहूब काढता येते. मी त्यायच्यावानी हाक मारली की खाली गोठ्यातली कबरी उठून उभी राह्यते. गोंडी मले येत नाई, म्हणून नावं मराठीतच ठेवली. जे तोंडात आलं ते.

"ये गुरुवाssर... ये ये ये..."

रक्षानं डोक्याले हात लावला. आबाजी माह्याकडं असे पाहाले लागले, जसं मी देवळात चप्पल घालून गेलो.

पण टेंबाडामागून गाय निघाली. आली. सूर्यासमोरून शांतपणे गेली. फोटो एक नंबर.

"ये चटणीss... ये दहावीss... ये रिचार्जss..."

एकेक येत गेली. मी कॅमेऱ्यातून पाहून राह्यलतो, मजा येऊन राह्यलती. रक्षा हसायले लागली. तिले हसताना मी लई दिवसांनी पाह्यलं, म्हणून अजून जोर चढला. "ये मामीss... ये नळयोजनाss..." नळयोजनेले पाहून तं रक्षा गवतात खालीच बसली. "ती कशी आली बे? गावात तं आली नाई अजून," म्हणाली.

किती वेळ चाललं ते मले सांगता येत नाई. कॅमेऱ्याची बॅटरी संपली. दुसरी लावली. तीही अर्धी झाली. अन् तवा माह्या ध्यानात आलं, की सूर्य अजून तिथंच आहे. हातभर वर. अजिबात खाली गेला नाई.

मी म्हटलं असन काही. थंडीत हळू बुडत असन.

"रक्षा, जरा मागं जाऊन पाह्य. शिंगं एकसारखी येऊन राह्यली, सोन्याले पुढं घाल."

ती टेंबाडामागं गेली. लगेच नाई आली. आली तवा चालत आली, पण पाय असे टाकत आली की जसं खाली काच आहे.

"शौनक..."

"काय?"

"ते चारही बसेल आहेत तिथं. रवंथ करून राह्यले."

"आता बसले असतील."

"नाई... त्यायच्या खालचं गवत दबलं आहे. गरम आहे. पहिली फेरी झाली तवापासूनच बसेल आहेत ते."

मी कॅमेऱ्यातून डोळा काढला.

"मंग हे... कोण गेलं?"

वारा थांबलता. वारा केव्हा थांबला तेही ध्यानात नव्हतं. वास मात्र येत होता. शेणाचा नाई, गवताचा नाई. शाळेत पाटी ओली करून पुसायचो ना आपण, तसा वास. साऱ्या माथ्यावर.

मी सूर्याकडं पाह्यलं. पाच-सहा उभ्या होत्या तिथं, काळ्या. मी म्हटलं, सूर्यासमोर आहेत म्हणून काळ्या दिसतात. तेवढ्यात एक वळली अन् इकडं आली. सूर्य आता तिच्या बाजूले होता, तिच्या अंगावर उजेड पडाले पाहिजे होता. पाठ, पोट, काहीतरी दिसाले पाहिजे होतं. ती तशीच काळी. डोळे नाई, तोंड नाई. नुसता आकार. माह्यापुढं येऊन उभी राह्यली, अन् मी तिच्या बाजूले जाऊन पाह्यलं, तं बाजूनंही तेवढीच. मागूनही तेवढीच. कसं सांगू... कागदातून गाय कापून घेतली अन् उरलेला कागद टाकून दिला, तं जे भोक राह्यते, ती होती.

पण रवंथ करायचा आवाज येत होता. हळूहळू. सगळीकडून.

"आबाजी," रक्षा म्हणाली. "मेलेली आहेत काय हो? आपल्याच गावची?"

मेलेली ढोरं त्या माथ्यावरच टाकायचे पह्यले, पलीकडच्या अंगाले. मलेही तेच वाटलतं. अन् खरं सांगतो साहेब, तेच असतं तं बरं झालं असतं.

आबाजी पुढं झाले. त्यायनं हात लांब केला, लावला नाई. बराच वेळ पाह्यलं. मंग म्हणाले, "मेलेली आली असती तं मी वळखली असती. एकूण एक माह्या हाताखालून गेली आहेत. मेलेल्याले काय भ्यायचं, आपलीच. पण हे... हे कधी नव्हतीच."

"म्हणजे?"

"म्हणजे तू बोलावली म्हणून झाली. आता नाव घेतलं तं घरी ने."

"मी?"

"गुरुवार तुही हाये. चटणी तुही. कोणाच्या घरची हायेत सांग त्यायले, वाट पाहून राह्यली ती."

आमचं घर दोन खोल्यांचं. आई सायकल आत घेऊ देत नाई.

मी हात जोडले. म्हटलं, "गुरुवार बाई, चुकलं. जाय वापस. चटणी, जा. दहावी, तू पण." कोणी हललं नाई. हाकलायची काठी उगारली, तं काठीचं टोक काळ्यात गेलं अन् दिसेनासं झालं. मी लगेच मागं ओढली. टोक होतं. गार झालतं.

आबाजीनं मंग आपल्या चौघांच्या गळ्यात हात घालून त्यायले उठवलं. नाव घेतलं नाई. उताराच्या तोंडाशी आणलं, एकेक खाली सोडलं. मले अन् रक्षाले त्यायच्यामागं ढकललं. शेवटी स्वतः आले अन् वाटेवर काठी आडवी ठेवली.

काठी ठेवली अन् दिवस बुडाला. हळूहळू नाई. फळीवरून डबा पडते तसा.

मागं पाहायचं नाई म्हणून सांगतलं होतं. मी नाई पाह्यलं. पण रवंथ करायचा आवाज काठीपाशी येऊन थांबला, तेवढं ऐकलं.

तं फोटो. फोटो असा आला साहेब, की मी आजवर काढेल कामातला सगळ्यात चांगला. लाल आभाळ, पिवळं गवत अन् काळ्या गाईंची ही लांब रांग. जोडायची गरजच नव्हती. एकाच फोटोत सगळ्या. मी म्हटलं, डिलीट करतो. रक्षानं माह्या हातातून कॅमेरा घेतला.

"खोटं तं नाई ना आता," ती म्हणाली. "आहेत तं आहेत."

"रक्षा, त्या गाई नाईत."

"मंग काय आहेत सांग. अर्जात तसं लिहिते."

ओसरीवर आबाजी पडेल होते, भिंतीकडं तोंड करून. ती त्यायच्याकडं पाहून राह्यलती. अर्ज गेला, फोटो गेला. हरकत घेतली गेली. अन् थोड्या दिवसांनी जीप घेऊन श्रीधर साहेब आले.

माणूस चांगला होता. तुमच्यावानीच, बोलायले कमी. संध्याकाळचेच आले, कारण फोटो संध्याकाळचा होता. वर चढता चढता दमले तरी आबाजीले म्हणाले, "तुम्ही पुढं व्हा, आजोबा. मी येतो आपला हळूहळू." वर आल्यावर त्यांनी बगलेतल्या फाइलमधून फोटो काढला, चार ढोरं पाह्यली, पुन्हा फोटो पाह्यला.

"फोटोत दिसतात तेवढी दाखवा. मला इथेच उभं राहून लिहायचं आहे. नसतील तर नाहीत असं लिहावं लागेल."

आबाजी म्हणाले, "नाईत साहेब. चारच हायेत. लिहा."

बस. एवढं म्हणून ते खाली बसले, गवतावर. दोन्ही हात मातीवर ठेवून. साहेब, मी लोकायची मजा घेतो, पण मले दिसते. त्या माणसानं स्वतःच्या हातानं आपला माथा देऊन टाकला, अन् ज्याच्यासाठी दिला तो गाढव मी होतो. माह्या गाई पुन्हा येऊ नयेत म्हणून.

रक्षा माह्याकडं पाहत होती. हाक मार म्हणाली नाई. मारू नको, असंही म्हणाली नाई.

मी हाक मारली. "ये गुरुवाssर..."

आल्या. टेंबाडामागून, एकामागं एक. सूर्य हातभरावर येऊन थांबला. तो पाटीचा वास आला.

श्रीधर साहेब खूश झाले. बोटानं मोजायले लागले. शेवटाले पोचले, थांबले, कपाळ पुसलं, पुन्हा पह्यल्यापासून. पुन्हा थांबले. "काहीतरी चुकतंय," म्हणाले. "दर वेळी वेगळा आकडा येतोय." मी म्हटलं, साहेब, असू द्या, बऱ्याच आहेत असं लिहा. ते म्हणाले, "तसं लिहिता येत नाही." अन् जवळून मोजायले पुढं गेले.

एका गाईपाशी थांबले. म्हणजे आकारापाशी. चष्मा काढला. पुसला. घातला.

"अरे..." ते म्हणाले. "ही आमची आहे."

"साहेब, ती नळयोजना आहे," मी म्हटलं. खरंच ती नळयोजना होती, तिचं एक शिंग वाकडं होतं.

"नाही रे. ही आमच्या घरची. आजोळी होती..." अन् त्यांनी एक नाव घेतलं. हळू, अगदी लहान लेकराच्या आवाजात. मी ते नाव सांगणार नाई तुम्हाले. त्या आकारानं मान वळवली. डोळे नव्हते, पण पाह्यलं तिनं.

आबाजी उठून ओरडले, "साहेब, नाव नका घेऊ! घेतलं तं घरी न्या लागते!"

"हो, नेतोच आहे ना," साहेब म्हणाले. इतक्या समजूतदारपणे म्हणाले, की आपणच येडे वाटू. "हिला पोचवून येतो. आलोच."

अन् तिच्या पाठीवर हात ठेवून टेंबाडामागं गेले. हात पाठीत कोपरापर्यंत गेलता. फाइल बगलेत तशीच. त्यायच्यामागं गुरुवार, चटणी, सगळ्या.

आम्ही वाट पाह्यली. सूर्यानंही पाह्यली. शेवटी आबाजीनं काठी आडवी ठेवली, कारण ठेवायलेच पाहिजे होती.

जीप अजून खाली उभी आहे. तुम्ही पाह्यलीच असेल, कोंबड्या बसतात तिच्यावर.

आता तुम्ही म्हणाल, पोलीस? आलते. सगळा माथा पिंजून काढला. टेंबाडामागं फक्त गवत. मंग एका हवालदारानं सहज साहेबाचा मोबाइल लावला. वाजला. अन् साहेबांनी उचलला! म्हणाले, "हो, इथेच आहे. दोन राहिल्यात मोजायच्या. आलोच." हवालदार म्हणाला, माणूस फोन उचलून राह्यला तं हरवला कसा? तक्रार घेतली नाई. तुमच्या ऑफिसातूनही फोन जाते त्यायले, तुम्हाले माहीत असन. दर वेळी दोन राहिल्यात म्हणतात. त्यायच्या बायकोचाही उचलतात. ती इथं येऊन गेली, याच खाटेवर बसलती. ते भाजी काय केली विचारतात म्हणाली, अन् मंग बोलता बोलता मागं रवंथ करायचा आवाज येते. तिनं मले विचारलं, मोबाइल चार्ज कुठं करत असतील हो ते? मी कधीच गप्प बसत नाई साहेब. तवा बसलो.

अन् कागदावर काय झालं, ते तुमच्याहून जास्त कोणाले माहीत? साहेब बेपत्ता नाईत, म्हणून त्यायची जागा रिकामी नाई. पाहणी चालू आहे, म्हणून निकाल नाई. निकाल नाई, म्हणून प्लेटा अजून जामच्या चौकातच. माथा आहे तसा आहे. आबाजी रोज वर जातात. रक्षाले जे पाहिजे होतं ते झालं, अन् तवापासून ती नीट जेवत नाई.

म्हणूनच ती म्हणाली, की नवीन साहेब आले तं यायले खरं सांग. यायनं खालीच बसून काय लिहायचं ते लिहू दे. गुरं चरत नाईत लिहू दे. माथा गेला तं गेला म्हणाली. तिच्या तोंडून हे निघायले किती दिवस लागले, ते मी पाह्यलं आहे. आबाजीले अजून सांगतलं नाई तिनं.

तं आता तुमच्या हातात आहे. कागद इथंच काढा. मी कंदील जवळ धरतो.

काय म्हणता? ...हो, मलेही माहीत आहे माह्यावर कोणी विश्वास ठेवत नाई. तुम्ही बी नका ठेवू. पण मी सांगतो तेवढं करा, वर जाऊ नका. अन् तुमचं नाव आम्हाले सांगू नका. नोटिशीत नुसतं 'संबंधित अधिकारी' लिहिलं आहे, तेच बरं आहे.

हां, आले आबाजी. घंटी ऐकू येते? ती कबरीची. मागं तांबडी, मुंगी, सोन्या. म्हणजे काठी ठेवून झाली. आता वर कोणी नाई. ...म्हणजे, जे आहे ते आहे.

थांबा जरा... रक्षा, तो गॅस बंद कर. आवाज येऊ दे.

ऐकलं?

पुन्हा.

आबाजी तं अंगणात उभे आहेत, त्यायनं हाक मारली नाई. मी इथं तुमच्यापुढं आहे. हा वरून येऊन राह्यला. श्रीधर साहेबाचा आवाज आहे, मी पैजेवर सांगतो... हाका माराले लागले ते. आजवर नाई मारल्या कधी.

काय म्हणतात? हरि... हरिदास. "ये हरिदाssस..."

हरिदास कोण बे, रक्षा? आपल्याकडं तं या नावाचं ढोर नाई. मी ठेवलेलं नाई. गावात माणूसही नाई या नावाचा...

साहेब?

साहेब, बसा ना. बसा खाली... तुम्ही 'आलो' काऊन म्हणाले?